चौकटी कंसातलं नाव

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. भाजीवाल्याने जास्तीची कोथिंबीर टाकली तरी मी जुडी सोडून बघते. आई म्हणते, समोर देव उभा राहिला तर तू त्याच्याकडे आधार कार्ड मागशील. भाईंदर ईस्टला इंद्रलोक भागातल्या आमच्या ऑफिसात आल्या आल्या मी सर्व्हरवर चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी बघते. चहा नंतर.

ऑफिस दोघांचं: माझं आणि कॉलेजपासूनच्या माझ्या मित्राचं. तो इथल्याच किनाऱ्यावरच्या उत्तन गावचा. मासळीच्या शीतगृहांचं तापमान सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही दोघांनी मिळून लिहिलं, आणि त्यावरच आमची पोटं चालतात. सर्व्हरवर लॉगिनही दोघांचंच.

त्या सकाळी यादीत चौकटी कंसातलं एक नाव खटकलं. अशी नावं लिनक्सच्या, म्हणजे सर्व्हर ज्या सिस्टमवर चालतो तिच्या, गाभ्यातल्या कामांची असतात. ढीगभर असतात, त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण ती कामं स्वतःची मेमरी दाखवत नाहीत आणि त्यांच्यामागे कुठलीही फाइल नसते. हे मात्र घसघशीत मेमरी खात होतं. मागची फाइल शोधली, तर ती मित्राच्या फोल्डरमध्ये निघाली. शेजारीच तिचा सी भाषेतला कोड.

कोड छोटासाच. चालू प्रोग्रामला दोन नावं असतात. एक आखूड, पंधरा अक्षरांत मावणारं. दुसरं लांब, म्हणजे ज्या आज्ञेने तो सुरू झाला ती. मित्राने prctl ही लिनक्सची सोय वापरून आखूड नाव बदललं होतं आणि लांब नाव जिथे राहतं ती argv ची जागा पुसून कोरी केली होती. लांब नाव सापडलं नाही की यादी आखूड नावालाच कंस लावून मोकळी होते. काम सफाईदार होतं, त्याचा मला आणखी राग आला. खालच्या ओळी मी दोनदा वाचल्या. आमचा सगळा कोड त्याच्या घरच्या मशीनवर जात होता.

मग सगळंच वेगळं दिसू लागलं. फोन आला की हा पॅसेजमध्ये का जातो? मी जवळ गेले की स्क्रीन का बदलतो? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी विचारलं नाही. प्रोग्राम मारला, म्हणजे बंद पाडला, आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसले. त्याने थोड्या वेळाने काहीतरी टाइप केलं आणि यादीत नवं नाव उगवलं, तसंच कंसातलं. तेही मारलं, तर तिसरं आलं. समोरासमोरच्या टेबलांवर, चकार शब्द न काढता आमचं हे चाललं होतं.

शेवटी मीच तोंड उघडलं. "आपला कोड तुझ्या घरी का जातोय?"

"बॅकअप हाय."

"मग हे सोंग कशाला? लपवतोयस कोणापासून?"

त्याने खुर्ची वळवली. "तुझ्यापासून. दुसरं हाय कोण इथं? भाईंदर वेस्टला वकिलाच्या ऑफिसातून उतरताना बघितलं तुला. मला काय बोलली न्हाय तू. मला वाटलं, कंपनी एकटीच्या नावावर करतेयस. उद्या माझं लॉगिन बंद झालं तर माझ्या हातात काय ऱ्हाणार?"

मला हसू आलं. आईच्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटचे कागद होते ते. मी त्याला फोनमध्ये दाखवले. त्याने ते वाचले आणि त्याचा चेहरा उतरला. 'सॉरी' म्हणाला. माझ्यासमोर प्रोग्राम बंद केला, फाइल पुसली. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू?

पण हात कीबोर्डवर गेलेच. कंसातलं एकेक नाव घेऊन मी त्याच्यामागे फाइल आहे का ते तपासायला लागले. न जाणो, अजून एखादं असलं तर? पाच-सहा झाल्यावर लक्षात आलं, तो मागे उभा आहे.

"सगळी बघ," तो म्हणाला. "आरामात बघ."

बॅग उचलून तो गेला. मी खरंच सगळी बघितली. काही नव्हतं.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला: 'माझं लॉगिन काढून टाक. म्हणजे तुला झोप लागेल.'

काढायला एक ओळ पुरते. मला ती टाइप करवत नाही.