न्हावऱ्याचे अबोल साडू

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत माणसागणिक बोलण्याचा काही वाटा ठरलेला असेल, तर न्हावऱ्याच्या आमच्या साडूंनी आपला वाटा आजवर उचललेलाच नाही, आणि तो परस्पर मी वापरतो आहे. मी लग्नातला निवेदक. हातात माइक आला की नवरा-नवरीपासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांचं स्वागत केल्याशिवाय मी तो खाली ठेवत नाही. अशा माणसाच्या थोरल्या मेहुणीला नवरा मात्र हा असा मिळाला.

साडू गर्विष्ठ नाहीत, आजारी नाहीत, कुणाशी वाकडं नाही. त्यांना फक्त बोलायचं नसतं. आणि नेमकं तेच आपल्याकडे चालत नाही. एसटीत शेजारी बसलेला माणूस गाडी स्टँडबाहेर पडायच्या आत तुमचं गाव, जमीन, पोरं आणि पोरांचे पगार विचारून मोकळा होतो. म्हणून साडू बसल्याबसल्या डोळे मिटून घेतात. एकदा शेजारच्याने दोनदा हाक मारली, तरी यांनी डोळे उघडले नाहीत. त्या भल्या माणसाने आरडाओरडा करून गाडी दवाखान्यापुढे थांबवली. ‘मला काही झालेलं नाही’ हे सांगायला बोलावं लागलं असतं, म्हणून साडूंनी मुकाट्याने एक सलाइन लावून घेतलं.

लग्नकार्यात तर त्यांचे हालच. माइकवर नाव पुकारलं नाही की माणसं रुसतात. साडू पुकारलं की रुसतात. निमोण्याच्या एका लग्नात मी हौसेने म्हणालो, “न्हावऱ्याचे प्रगतशील बागायतदार, आमचे साडू, यांनी सत्कारासाठी मंचावर यावं.” साडू गायब. शोधलं तर पंगतीत बुंदीची बादली घेऊन वाढतायत. “वाढप्याला कोन काय इचारत न्हाई,” एवढंच म्हणाले. आणि खरंच आहे ते. वाढप्याशी लोक ‘बास बास’ याच्यापलीकडे बोलत नाहीत. तेव्हापासून साडू प्रत्येक लग्नात वाढतात. केटरिंगवाला हल्ली त्यांना पुढच्या तारखा सांगून ठेवतो.

पण स्वतःच्या पोरीच्या लग्नाचं काय? पोर गुणी, शिकलेली, बापासारखीच अबोल. साडूंच्या गप्प बसण्याने आधीची स्थळं मोडली होती. पोरीचा बाप बोलत नाही म्हणजे काहीतरी दडवतोय, असं लोकांनी ठरवूनच टाकलेलं. मग खुटबावचं स्थळ आलं. पोरगी आईला म्हणाली, “हेच करा.” त्या घराच्या मानाने हे भाषणच झालं. तिचा जीव जडलाय हे कळल्यावर अक्का, म्हणजे माझी मेहुणी, हात जोडून मला म्हणाली, “दाजी, ह्या खेपंला सांभाळा.”

आम्ही घर बघायला खुटबावला गेलो. मुलाचे चुलते माझ्याच जातकुळीचे, बोलके. त्यांनी विचारलं, “पाव्हणं, कसं वाटलं घर?” साडूंनी पंख्याकडे पाहिलं. “तुमचं म्हननं काय?” साडूंनी सतरंजीकडे पाहिलं. मी कोपराने ढोसलं, काही उपयोग नाही. शेवटी त्यांच्या वतीने मीच सुरू झालो, तर चुलत्यांना जास्तच संशय आला. “तुम्ही येवढं बोलताय आन् ते येवढं गप. काय भानगड हाय?” तेवढ्यात साडू पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. चुलते तावातावाने उभे राहिले. अक्काचा चेहरा उतरला. संपलं, असं मलाही वाटलं.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मुलाचे वडीलही कधीचे जागेवर नाहीत. शोधत गेलो तर परसातल्या कांद्याच्या चाळीत दोघं शेजारी उकिडवे बसून सडके कांदे निवडतायत. आम्हाला पाहून मुलाचे वडील म्हणाले, “सुपारी फोडा.” चुलते म्हणाले, “आरं, पन बोलनं काय झालं?” मुलाच्या वडिलांनी भावाकडे आश्चर्याने पाहिलं. “कवा?”

लग्न झालं. पाठवणीला सगळा मांडव रडत होता, आणि साडू नवरा-नवरीच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. चुलते म्हणाले, “पाव्हणं, पाठराखनीला पोरीची बहीन जाती. बाप न्हाई जात.” साडू समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. व्याही म्हणाले, “बसू द्या.” आणि वरात निघाली. साडू पाचव्या दिवशी, पाचपरतावणाला, लेकीला घेऊनच माघारी आले. तिथेही म्हणे दोघं व्याही दिवसभर कांदे निवडत होते. चांगले कांदेसुद्धा पुन्हा निवडले.

पोरगी पुन्हा सासरी गेल्यावर मी न्हावऱ्याला गेलो. अक्का रानात होती. साडू ओट्यावर एकटेच. मी विचारलं, “कसं आहे हो खुटबावचं घर?”

“गप हाय,” साडू म्हणाले. “करमंल तिला तितं.”

म्हणजे हा माणूस पाठराखणीला का गेला होता, ते मला आत्ता कळलं. मी काही बोलणार तोच ते पुन्हा बोलले, आणि एका बैठकीत ते याआधी दोनदा बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

“हितं लईच गप झालंय वो. तुम्ही बोला की कायतरी.”

मी नुसताच त्यांच्याजवळ सरकून बसलो.