नजीर मिस्त्रींनी झाळलेला जोड

लातुरात थंडीच्या दिवसांत, सकाळी साडेसातला छतावर चढणारा माणूस एक तर कबुतरांना दाणे टाकायला चढतो, नाही तर तो नजीर मिस्त्री असतो. डोक्याला मफलर, खांद्यावर हत्यारांची पिशवी, आणि मधल्या पायरीवर कुणी बघत नाही ना हे पाहून घेतलेला एक दम. वय त्रेसष्ट. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, डाव्याचा अजून तसाच.

त्या दिवशी रेणुकादास गुरुजींचा जिना चढताना ते दोनदा थांबले. दम लागला म्हणून नाही. वर जे बघायचं होतं ते शक्य तितकं उशिरा दिसावं, म्हणून.

गुरुजींच्या छतावर हीट पंप होता. मुलगा आलोक नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियर झाला आणि पहिल्या पगारांतून आईवडिलांना हे यंत्र बसवून देऊन परगावी गेला. फ्रिज आपल्या पोटातली ऊब काढून मागे फेकतो. हे यंत्र बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाण्याला देतं. शेजारी दोनशे लिटरची टाकी. घरात हवं तेव्हा कढत पाणी, आणि वीज गिझरच्या मानानं निम्म्याहून कमी. गेल्या दिवाळीत त्याची तांब्याची नळी हादऱ्यानं चिरली, गॅस निघून गेला. नजीर मिस्त्रींनीच ती झाळून नवा गॅस भरला होता. आता दोन दिवसांपासून यंत्र सुरू होई, दहा मिनिटं घरघरे आणि बंद पडे. पाणी नुसतं कोमट. आणि आज गुरुजींची लेक देविका दवाखान्यातून बाळ घेऊन घरी यायची होती. चार वाजता मालीशवाल्या कस्तुराबाई बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणार होत्या.

पण मिस्त्रींच्या जिवाला घोर होता तो वेगळाच. आदल्या संध्याकाळी त्यांच्या मुलानं, जावेदनं, जेवताना शांतपणे विचारलं होतं, की तुम्ही झाळलेलाच जोड गळला असेल तर काय करायचं. आवाज चढवला असता तर मिस्त्रींनी परतफेड केली असती. त्याऐवजी ते ताटातली भाकरी कुस्करत राहिले. बायको कमरुन्निसा भाकरी थापायची थांबून बघत राहिली. शेवटी मिस्त्री बोलून गेले, जोड गळला असेल तर उद्यापासून छतावर चढणार नाही. दुकानात बसून पंखे दुरुस्त करीन. जबान दिली ती दिली.

हा माणूस पंख्यांवर बसवायचा नव्हता हो. याचे वडील कल्हईवाले. गावातले निम्मे तांब्याचे बंब त्यांच्या हातचे. बंब पेटला की बाहेरून नुसता कान देऊन सांगायचे, आतली नळी कुठं पातळ झालीय ते. त्या बापाच्या मांडीशी बसून नजीर झाळायला, डाग द्यायला शिकला, आणि बंब गेले, फ्रिज आले, एसी आले, तरी हातातली ज्योत तीच राहिली.

गॅस आहे की गळाला, हे कळायला पाच मिनिटं पुरतात. गॅसचा दाब दाखवणारं गेज लावायचं, यंत्र चालू करायचं, काटा बघायचा. मिस्त्रींनी गेज पिशवीतून काढलं, कठड्यावर ठेवलं, आणि आधी पंख्यामागची जाळी ब्रशनं झाडायला घेतली. मग व्होल्टेज तपासलं. मग पाण्याची गाळणी उघडून धुतली. मग धुतलेली जाळी पुन्हा झाडली. यंत्राभोवती घातलेल्या प्रदक्षिणा मोजल्या असत्या तर एखादा नवस फिटला असता.

खाली गुरुजी नऊपासून घड्याळ बघत होते. शेवटी चहाचा कप घेऊन वर आले. मागोमाग त्यांच्या पत्नी उमादेवी आल्या, पदराला हात पुसत, आणि जिन्याच्या तोंडाशीच उभ्या राहिल्या.

"नजीरभाई, दोन तास झाले, नुसतीच झाडलोट करून राहिलात," गुरुजी म्हणाले. "खरं सांगा, आपलाच जोड सुटला ना? वय झालं की हात हालतोच. माझं अक्षर बघा आता, मुंग्या चालल्यासारखं."

मिस्त्रींनी चहा घेतला. दोन घोटांत संपवून कप गेजशेजारी कठड्यावर ठेवला.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "पावसाळ्याआधी टाकी रिकामी सोडली होती नं? फोनवर म्हणाला होतात तुम्ही."

"हाव. सोडली होती," उमादेवी म्हणाल्या आणि वाळत घातलेल्या दुपट्यांकडे बघू लागल्या.

आता करायला दुसरं काही उरलं नव्हतं. मिस्त्रींनी गेज लावलं, बटण दाबलं. यंत्र घरघरलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि उजवा डोळा काट्याला जवळजवळ टेकवला. गॅस गळाला असता तर काटा खालीच लोळला असता. काटा उठला. चढला. नेहमीच्या जागेवर आला, तिथंही थांबेना, लाल रेषेकडे सरकत गेला, आणि यंत्र धाडकन बंद पडलं.

मिस्त्री तसेच वाकलेले राहिले. मग साबणाचा फेस करून त्यांनी जोडावर लावला. एक बुडबुडा नाही. पुन्हा लावला. तरी नाही.

"गॅस भरपूर हाय," ते म्हणाले. "त्याची ऊब पाण्यात जाईना झालीय. आत गच्च बसलंय काही तरी."

त्यांनी टाकीच्या तळचा कॉक फिरवला. पाणी आलंच नाही. तार घालून ढोसलं तेव्हा पांढरा राबडा पडला, चुना कालवल्यासारखा. बोअरच्या जड पाण्याचे क्षार. टाकी वर्षातून एकदा पूर्ण रिकामी केली असती तर असे साचले नसते.

मिस्त्रींनी उमादेवींकडे बघितलंही नाही. बोलले असते तर सुटले असते, पण समोर गुरुजी होते, आणि नवऱ्यासमोर बाईला खोटं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं. ते तारेनं उगाच ढोसत राहिले.

"मी नाही सोडली," उमादेवी म्हणाल्या.

गुरुजींनी मान वळवली.

"दोनदा आले वर. कॉक धरला. फिरवताच येईना. दोनशे लिटर चांगलं पाणी, कसं सोडून देऊ? रेल्वेनं पाणी आलं त्या साली टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडले होते, तर यांनी आधी घागर सावरली, मग मला. अजून नळ आठवड्यानं येतो. मला नाही जमलं. तुम्हाला हो म्हणून सांगितलं, आणि आता तुमच्या हातावर आलं ते, नजीरभाई."

"घागर भरलेली होती," गुरुजी हळूच म्हणाले. कुणी हसलं नाही, मग उमादेवीच हसल्या.

पुढचे दोन तास ते छत म्हणजे पडदा उघडायच्या आधीचा रंगमंच. उमादेवींनी घागरी, तपेली, कुलरचा टब, देविकाच्या लहानपणीचं घंगाळ, सगळं रांगेनं मांडलं. टाकी शेवटच्या थेंबापर्यंत उतरली. फरशी आणि संडासाला ते पाणी आठ दिवस पुरणार होतं. मिस्त्रींनी लिंबूसत्त्वाचं पाणी छोट्या पंपानं नळ्यांतून तासभर फिरवलं, नळ्या साध्या पाण्यानं धुतल्या, हौदातून टाकी पुन्हा भरली. साडेअकराला बटण दाबलं. काटा आपल्या जागी आला आणि तिथंच राहिला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मिस्त्री त्याच्यासमोरून हलले नाहीत.

तेवढ्यात जावेदचा फोन आला. त्यानं एवढंच विचारलं, "अब्बा, जोड?"

"पक्का हाय. तुझ्या आजोबानं झाळला असता तर असाच," मिस्त्री म्हणाले. पलीकडून सुटकेचा श्वास आला, आणि तिथं थांबता आलं असतं. ते कठड्याशी गेले, परत यंत्राशी आले. "पण ऐक. गेज लावायला दोन तास लागले मला. हात हालला न्हाई, मन हाललं. चढायचं मी सोडणार न्हाई. पुढच्या बारीला मात्र तू सोबत ये. काटा तू वाचायचा, झाळीन मी."

"येतो," जावेद म्हणाला. मग त्यानं विचारलं, पाणी किती गरम झालं. मिस्त्रींनी यंत्राच्या पडद्यावरचा आकडा बघितला, डोळे चोळून पुन्हा बघितला, आणि सांगितलं, "अठ्ठावीस. चारच्या आत कढत होतंय."