उन्हात पाहिलेला मरून

मराठी शाळेतून सुरतच्या सायन्स कॉलेजात गेले तेव्हा इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला मला तास लागे. म्हणून पहिल्याच महिन्यात ठरवलं: प्रॅक्टिकल बुडवायचं नाही आणि प्रत्येक प्रयोग दोनदा तपासायचा. मैत्रिणी हसायच्या. तीन वर्षांत ती सवय अंगात मुरली.

नव्वदच्या दशकात सुरतेतल्याच पांडेसऱ्यात, कापड रंगवणाऱ्या एका डाईंग मिलच्या लॅबमध्ये लागले. मॅनेजर म्हणाले, "आठ दिवस बघू, मग ठरवू." लॅबमध्ये बाई मी एकटीच.

पहिल्या दिवशी व्यापाऱ्याने पाठवलेल्या कापडाच्या तुकड्याशी मरून रंग जुळवायला दिला. तिसऱ्या खेपेला जुळला. ट्यूबलाइटखाली दोन्ही तुकडे सारखेच दिसत होते. मॅनेजरनी सही केली, रंगांचं माप खाली मशीनवर गेलं. मी मात्र सवयीने तुकडे खिडकीशी नेले. उन्हात माझा मरून चक्क जांभळा होता. सांगितलं तर नोकरी जाईल असं वाटलं. नसतं सांगितलं तर कापडाचा अख्खा लॉट बिघडला असता. धावत खाली गेले.

"थांबवा! माप चुकलंय."

"बेन, आजच आली ने आजच मशीन बंद?" मागोमाग आलेले मॅनेजर चिडले.

डाईंग मास्तर धुळ्याकडचे, सातवीपर्यंत शिकलेले. ते तिथेच मशीनपाशी होते. तुकडे घेऊन अंगणात गेले, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "निळा जास्त पडना. चौथा हिस्सा काढी टाक."

तसंच केलं. नवा तुकडा वाळवून उन्हात धरला, तर हुबेहूब जुळला. पदवी घेऊन मला तीन खेपांत जमलं नव्हतं, ते या माणसाने काटा न लावता एका नजरेत सांगितलं होतं. मी त्यांना विचारलं,

"काका, कसं कळलं?"

"पहिला सहा महिना मन्हा मास्तरनी माले नुसतं पाहाले लावं. बादलीले हात लावू दिन्हा नही." मग मॅनेजरकडे वळून म्हणाले, "साहेब, ही पोर राहू द्या."

मॅनेजरनी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला अंगणात बोलावून सात काळे तुकडे मांडले. मला एकच काळा दिसत होता. "यातला एक हिरवा शे, एक लाल," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत मला सातांतल्या तीन काळ्यांची छटा ओळखता आली.