पडद्यावरची शितं

हिशेबखात्यातल्या सुनंदामॅडम नसत्या, तर मी त्या लाल आकड्याला आजही घाबरले असते. सातवीत शाळा सुटलेली मी मावळातली बाई, हैदराबादेत कारखान्याच्या कँटीनमध्ये भात रांधते. टीव्हीवर शेअर बाजाराचा निर्देशांक पडला, की वाटायचं, आता कारखाना बंद, आपलं काम गेलं.

एकदा विचारलंच. मॅडम म्हणाल्या, "शांताताई, भात शिजला हे कसं ओळखता?"

"चार ठिकाणची शितं दाबून."

"तसंच. निवडक मोठ्या कंपन्यांवरून बाजाराचा अंदाज घेतात. आपला कारखाना त्यात नाही, आणि एका दिवसाच्या आकड्यानं कारखाने बंद पडत नसतात."

"अगं बाई! म्हणजे हे मला येतंच की!"

आज आकडा पुन्हा पडला. माझ्या जोडीची जया धावत आली, "ताई, गेलं गं आपलं काम!"

"आधी गॅस बारीक कर," म्हटलं, आणि तळहातावर शितं घेऊन तिला सगळं समजावलं. शाळेत फळ्यापुढे बोलावलं, की मी मागच्या बाकाआड लपायचे. आज पातेल्यापुढे मीच शिकवत होते. पडदा लाल होता, हातावरची शितं पांढरीशुभ्र.

मॅडम, एक दिवस तुम्हाला माझ्या गावी नेईन. आंबेमोहोर रांधीन, आणि शिजला का ते तुम्हालाच बघायला सांगीन.