गौरी आल्या सायकलवरून

आमच्या घरी गौरी सायकलवरून येतात. म्हणजे एकदाच आल्या. त्यानंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून ती प्रथा बंद केली.

सायकल मी साठी उलटल्यावर शिकले, गुडघ्यांसाठी. डॉक्टर "चालत जा" म्हणाले होते, पण चालण्यात एक मोठी गैरसोय आहे. सोबतच्या बायका मध्येच घर आलं म्हणून निघून जातात आणि माझं बोलणं अर्धवट राहतं. सायकलवर तसं नाही. एक कंटाळली की पुढचीला गाठता येतं! तर मी पुढे टोपली, मागे कॅरिअर असलेली एक निळी सायकल घेतली आणि नेरूळभर हिंडायला लागले. एका जागी बसणं मला लग्नाआधीपासून जमत नाही. (लग्नानंतर जमेल असं माझ्या आईला वाटायचं.)

आता पडायचं म्हणाल तर दोनदाच पडले. एकदा पावसात, गटाराच्या लोखंडी झाकणावरून चाक सरकलं म्हणून. आणि एकदा पाऊस थांबल्यावर, वर इंद्रधनुष्य बघत होते म्हणून. त्या वेळी खाली नारळवाल्याची गाडी होती. माणूस भला होता, मलाच नारळपाणी पाजलं. पण ते आमच्या मंदारच्या कानावर गेलं.

मंदार माझा मुलगा. महाप्याला कंपनीत आहे आणि घरीसुद्धा मीटिंगमध्ये बसल्यासारखाच बोलतो.

"आई, लास्ट वॉर्निंग. अजून एकदा पडलीस की सायकल विकली. डिस्कशन नाही."

"अरे, पण लागलं कुठे मला?"

"नारळवाल्याला लागलं!"

मी मदतीच्या आशेने यांच्याकडे पाहिलं. यांनी पेपर थोडा आणखी वर धरला. "मी काही बोललो नाही हं," पेपर म्हणाला.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. रात्री कूस बदलावी तर सायकल, भाजी चिरावी तर सायकल. सायकल गेली तर मी दिवसभर करायचं काय? आणि मुख्य म्हणजे, बोलायचं कुणाशी? यांच्याशी? मग मला भाद्रपदात एक युक्ती सुचली. सायकल ही चैनीची वस्तू नाही, घरच्या कामाची आहे, असं मंदारच्या डोळ्यांसमोर सिद्ध करायचं. कामाची वस्तू कोणी विकतं का?

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. पाणवठ्यावरचे सात खडे धुऊन ताम्हनात घ्यायचे, वर खण घालायचा आणि घरी आणून बसवायचे. सोपं वाटतं ना? पण आणणारीने वाटेत बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. सोबत कोणीतरी घंटा वाजवत चालायचं. शिवाय आमच्या सासूबाईंनी आणखी एक नियम घातला होता, की घरी पोचेपर्यंत तोंडात पाण्याची चूळ धरून ठेवायची. ही चूळ सगळ्यांच्या घरी असते की मी सून म्हणून आल्यावर मुद्दाम काढली, ते मला आजवर कळलेलं नाही.

फ्लॅटमध्ये आल्यापासून आमचा पाणवठा म्हणजे खालची पंपाची खोली. त्यामुळे मी बेत सांगितला तेव्हा हे उडालेच.

"अगं, पंपाजवळ आहेत की खडे! दरवर्षी तिथलेच आणतेस."

"यंदा गावठाणातल्या तळ्यावरचे आणीन. सायकलवरून."

"आणि घंटा? मी तुझ्या सायकलमागे घंटा वाजवत पळू?"

"सायकलला घंटी आहे!"

यावर यांनी पुन्हा पेपर वर धरला. सून सायली ऑफिसची अर्धी सुट्टी काढून रांगोळी घालत होती. ती हळूच म्हणाली, "आई, जा तुम्ही. येताना फक्त कुंकू आणा, पावलं काढायला लागेल. आणि... पडू नका हं."

निघाले तेव्हा ऊन असं रखरखीत, की रेनकोट घडी करून टोपलीत टाकला. कोपऱ्यावर वळते तोच भुरभुर. रेनकोट घातला. तो घालून होईपर्यंत ऊन! भाद्रपदातलं आभाळ आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखं आहे, सकाळी एक ठरवायचं, दुपारी फिरवायचं. शेवटी म्हटलं, जाऊ दे, भिजले तर भिजले. अंगावर गौरीचा मान म्हणून जरीची साडी, आत लेगिंग, पायात बूट, अंबाड्यावर गजरा आणि गजऱ्यावर हेल्मेट. आरशात पाहिलं नव्हतं, तेच बरं झालं.

तळ्यावर सगळं नीट पार पडलं. खडे धुतले, ताम्हन टोपलीत बसवलं, वर खण घातला. वाण्याकडून घेतलेलं पाव किलो कुंकू मागे कॅरिअरला कापडी पिशवीत. (वाण्याने ते कागदाच्या पुडीत बांधलं होतं, हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.) मग बाटलीतल्या पाण्याची चूळ भरली. तळ्याच्या नव्हे! माझी देवीवर श्रद्धा आहे, तळ्यावर नाही. आणि घंटी वाजवत निघाले.

पहिल्याच वळणावर गावठाणातल्या सुमनताई समोर आल्या. एरवी आम्ही अर्धा तास बोलतो.

"काय गो, जरीची सारी नेसून सायकलवर? कुठं चाललीस?"

मी घंटी वाजवली.

"अगो, इचारते मी! रागावली हायस काय?"

मी मान हलवून नाही म्हटलं आणि पुन्हा घंटी वाजवली. आता कोणी विचारल्यावर आपण घंटी वाजवणं म्हणजे 'बाजूला हो' असंच झालं की नाही? सुमनताईंनी पदर खोचला. "बग बग, कशी करते ती!" पुढचं ऐकायला मी मागे वळू शकत नव्हते. तोंडात शब्द इतके साठले होते की पाण्याला जागा पुरेना.

मोठ्या रस्त्याला लागले आणि खाडीकडून वारा सुटला. वाऱ्यामागोमाग पाऊस! टपोरा, आडवा, चष्म्यावर थापडा मारणारा. मी ताम्हनाकडे एक डोळा आणि रस्त्याकडे एक डोळा ठेवून हळूहळू पेडल मारत होते. मनात एकच जप, पडायचं नाही, पडायचं नाही.

तेवढ्यात मागून आरडाओरडा.

"ओ आजी! आजी, थांबा!"

"आंटी, रुको! पीछे देखो, पीछे!"

नेमकं तेच मला करायचं नव्हतं! मला वाटलं, सकाळी घट्ट कपडे घालून, वाकून, सुसाट जाणारी ती सायकलवाली मंडळी असतात ना, ती आपल्याशी शर्यत लावतायत. मी जोर वाढवला. त्यांनी वाढवला. "आजी पळतायत रे!" कोणीतरी ओरडलं. गळ्यातल्या पाऊचमध्ये फोन वाजायला लागला. मंदारच असणार! घेऊन करू काय, घंटी ऐकवू?

सिग्नल लाल झाला, म्हणून थांबले. नाहीतर त्या दिवशी मी पुण्यापर्यंत गेले असते.

आठ-दहा सायकली माझ्याभोवती उभ्या राहिल्या. एका हिरव्या हेल्मेटवाल्या तरुणाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आजी, खूप ब्लड जातंय! मागे बघा, सगळा रस्ता लाल झालाय!"

माझ्या मागच्या चाकाखालून, साडीवरून, बुटांवरून लाल ओहोळ वाहत असणार, हे मला दिसत नव्हतं. पण एका क्षणात कळलं. कागदाची पुडी! पाव किलो कुंकू! मी हसून सांगायला गेले, तर गाल नुसते फुगले.

"तोंड बघ, केवढं सुजलंय," दुसरा म्हणाला.

"अरे, हा स्ट्रोक असेल! मी ट्रेनिंग केलंय. आजी, हसून दाखवा!"

चूळ तोंडात धरून हसून बघा तुम्ही. ओठांचा एक कोपरा वर गेला, दुसरा पाणी अडवत तिथेच राहिला.

"तोंड वाकडं! गेलं रे, तोंड वाकडं होतंय! आजी, दोन्ही हात वर करा!"

दोन्ही हात सोडले तर सायकल पडणार, ताम्हन पडणार, मी पडणार. मी एकच हात वर केला.

"एकच हात वर होतोय!!"

मी घाईघाईने खण बाजूला करून खडे दाखवले. वाटलं, आता तरी समजेल. ते सगळे खड्यांकडे बघत राहिले. मग हिरवा हेल्मेटवाला खूप मायेने, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "हो आजी, छान आहेत दगड. कुठून आणलेत?"

पुन्हा फोन वाजला. त्याने माझ्या पाऊचमधून काढून उचललासुद्धा!

"हॅलो, सर, तुमच्या आईला... नाही, बोलू शकत नाहीत. तोंड वाकडं झालंय. एकच हात हलतोय. ब्लडही खूप... आणि सर, त्या दगड घेऊन फिरतायत."

फोनमधून मंदारचा आवाज इतका मोठा आला की शेजारचा रिक्षावाला दचकला. आणि फोन कट!

इथे माझा जीव खरोखर कात्रीत सापडला. चूळ थुंकली आणि तोंड उघडलं, तर एका वाक्यात सगळं मिटेल, पण गौरी वाटेतच राहतील. आणि तोंड मिटून ठेवलं, तर गौरी घरी येतील, पण सायकल कायमची जाईल. डोळ्यांपुढे सासूबाई आल्या. मग सायकल आली. मग पुन्हा सासूबाई. मी डोळे मिटले आणि तोंडही मिटूनच ठेवलं. (आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही नको त्या वेळी!)

पाऊस आला तसा गेला. लख्ख ऊन पडलं. तेवढ्यात त्यांच्यातले मागे पडलेले एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ धापा टाकत पोचले. त्यांनी एकदा साडीकडे पाहिलं, एकदा ताम्हनाकडे, आणि मागच्या पिशवीला बोट लावून वास घेतला.

"अरे गाढवांनो, हे कुंकू आहे! वहिनी, खड्याच्या गौरी ना?"

मी इतक्या जोरात मान हलवली की हेल्मेट डोळ्यांवर आलं.

"माझी आई आणायची. बोलू नका, वहिनी! मागे बघू नका! मागचं आम्ही बघतो. चला रे, घंट्या वाजवा!"

फोन लावून पाहिला, तर मंदार उचलेना. मग निघालो. पुढे मी, मागे गौरीचा लवाजमा! हिरवा हेल्मेटवाला सगळ्यात मोठ्याने घंटी वाजवत होता, बहुतेक लाजेने.

सोसायटीच्या गेटवर मंदार गाडीची किल्ली घेऊन, एका पायात चप्पल, एका पायात बूट असा उभा. शेजारी हे. आयुष्यात पहिल्यांदा यांच्या हातात पेपर नव्हता. माझी लाल साडी बघून मंदार धावला.

"आई! पडलीस? कुठे लागलं? बोल ना गं!"

"त्यांना बोलायचं नसतं!" सायलीने ओरडून त्याला धरलं. पोरगी हुशार! तांब्यातलं दूध-पाणी घेऊन धावत आली आणि माझ्या बुटांवरच ओतलं. "गौर आली, गौर आली, कशाच्या पावलांनी?"

"सायकलच्या!" मागून सगळे ओरडले.

कुंकवाची पावलं काढायला चिमूटभरसुद्धा कुंकू उरलं नव्हतं. गरजही नव्हती. सिग्नलपासून गेटपर्यंतचा रस्ता साक्षीला होताच.

वर जाऊन गौरी जागेवर बसवल्या, मोरीत चूळ टाकली, आणि मग मी जी बोलायला लागले! सुमनताई, वारा, पुडी, स्ट्रोक, सगळं एका श्वासात. ऐकता ऐकता मंदारचे डोळे भरून आले.

"आई, मी काय काय विचार करत बसलो होतो माहितेय? एवढ्या पावसात, एवढ्या गोंधळात तू पडली नाहीस. खरंच राहू दे तुझी सायकल."

जिंकले! त्या आनंदात मी खिरापतीचा डबा घेऊन खाली पार्किंगमध्ये उतरले. सायकलवाली मंडळी चहा पीत होती. माझ्यामागून मंदार आणि हेसुद्धा आले. आता मला सांगा, इतकी गोष्ट नुसत्या तोंडाने कशी सांगणार? मी सायकलवर चढून बसले. स्टँडवर होती, भीती कसली!

"मी अशी बसलेली. वारा इकडून. ताम्हन असं हललं. हा म्हणतो, दोन्ही हात वर करा. आता मी दोन्ही हात असे वर केले असते, तर..."

आणि मी दोन्ही हात वर केले.

धाडकन आवाज झाला. स्टँड एकीकडे, सायकल माझ्यावर, खिरापत सगळ्यांवर. हिरवा हेल्मेटवाला नकळत म्हणाला, "आजी, हसून दाखवा."

मी सायकलखालून मान काढली. समोर मंदार, कमरेवर हात.

"पडले नाही रे," मी म्हटलं, "पडले असते तर कशी पडले असते, ते यांना दाखवत होते!"

मंदार शब्दाचा पक्का आहे. सायकल त्याने विकली नाही. फक्त एका रविवारी घेऊन गेला आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोन छोटी चाकं बसवून आणली. आता मी ऊन असो, पाऊस असो, कडकड आवाज करत नेरूळभर हिंडते. पडायची शक्यताच नाही.

परवा तळमजल्यावरची चार वर्षांची ईरा तिची सायकल घेऊन माझ्याशेजारी येऊन थांबली. माझ्या चाकांकडे बराच वेळ वाकून बघितलं, मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,

"आजी, रडू नको हं. माझी पण काढली आता. तू पण मोठी होशील."