गोलाईची पकड

उचगावात सुतारकामाचं दुकान विचारलं की लोक "रशिदा मिस्त्री व्हय?" असं म्हणून थेट पाण्याच्या टाकीमागचं पत्र्याचं शेड दाखवतात. हे नाव तिनं कमावलेलं आहे. बारा वर्षांपूर्वी तिच्या अब्बांचा, कामिल मिस्त्रींचा, उजवा हात अर्धांगवायूनं लुळा पडला. तेव्हा एका बंगल्याच्या चार खिडक्या अर्धवट होत्या आणि रशिदा चौतीस वर्षांची, घरी ब्लाऊज शिवणारी. अब्बा खुर्चीत बसून सांगत गेले, ती करत गेली. खिडक्या बसल्या, आणि शिलाई मशीन तिनं धाकट्या बहिणीला देऊन टाकलं.

गेल्या हिवाळ्यात निशिगंधा तिच्याकडं आल्या. शाहूपुरीत त्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना. तोल सांभाळायला शिकणाऱ्या मुलांसाठी त्यांना डुलणारी बैठक हवी होती. वर सपाट फळी, खाली होडीच्या बुडासारख्या दोन वाकदार पट्ट्या. आधीच्या सुतारानं त्या एकाच फळीतून गोल कापल्या होत्या आणि एक टोकाला मोडली होती.

रशिदानं मोडका तुकडा हातात फिरवला. "मोडणारच की. असं गोल कापलं की टोकाला लाकडाची नस आडवी येती. पातळ पट्ट्या वाकवून एकावर एक चिकटवाय पायजेत."

"जमेल ना, रशिदाताई?"

"न जमायला काय झालं? शनिवारी या."

बुधवारी तिनं प्लायचा गोल फर्मा, म्हणजे वाकवायचा साचा, कापला, त्यावर सागवानाच्या सात पातळ पट्ट्या फेविकॉल लावून ठेवल्या आणि त्या दाबून धरायला स्क्रूचे शिकंजे आवळायला घेतले. शिकंज्यांची तोंडं सरळ, खाली गोलाई. ओल्या पट्ट्या निसटायला लागल्या. एक आवळावा तर दुसरा घसरायचा. मग फर्मा कापताना उरलेला खोलगट तुकडा तिनं वरून दाबून बघितला. टोकं दाबली गेली, मधे मात्र नख जाईल एवढी फट तशीच राहिली.

"फळीतनंच काप की," अब्बा खुर्चीतून म्हणाले. "कोन बघतंय?"

"अब्बा, त्याच्यावर पोरं बसणार हायत." तिनं सातही पट्ट्या सोडवून भंगारात टाकल्या.

दुपारी भाकरी खाताना चूक तिच्या ध्यानात आली. सात पट्ट्यांची जाडी धरली तर वरची गोलाई खालच्यापेक्षा मोठी होणार, मग तोच तुकडा तिच्यावर बसेल कसा? दुसरा कापला तरी निसटण्याचं काय? तिला ब्लाऊजची बाही आठवली. बाही चढवताना ती पहिली टाचणी नेहमी खांद्यावर, मधोमध लावायची. मग दोन्हीकडं जायची. टोकापासून सुरुवात केली की कापड फुगायचंच.

हात धुऊन ती सायकल दुकानवाल्या इकबालकडं गेली आणि पंक्चर झालेल्या ट्यूबा घेऊन आली. ट्यूबा उभ्या चिरून तिनं रबराचे लांब पट्टे केले. फर्म्याचं पोट कापून त्याची कमान केली, म्हणजे पट्टा खालून फिरवता येईल. लाकूड फर्म्याला चिकटू नये म्हणून मधे प्लॅस्टिक घातलं. फेविकॉल न लावता एकदा सगळं बांधून सोडलं. मगच खरं काम. मधोमध पहिला वेढा, पाय टेकवून ताणलेला, मग एक डावीकडं, एक उजवीकडं. प्रत्येक सांध्यातून फेविकॉलची बारीक रेघ सारखी बाहेर आली.

"रबराला गोल-सरळ काय कळत न्हाय," ती अब्बांना म्हणाली. "जितं गुंडाळावं तितं आवळतंय."

दुसऱ्या दिवशी वेढे सोडले. सात पट्ट्यांचं एकच लाकूड झालं होतं. त्याच फर्म्यावर दुसरी वाकदार पट्टी केली आणि दोन्ही एकमेकींवर ठेवल्या, तर उजेडही आरपार दिसेना. बैठक जोडल्यावर अब्बा खुर्चीतून उठले आणि स्वतःच जाऊन तिच्यावर बसले. चांगले ऐंशी किलोचे. बराच वेळ डुलत राहिले.

"व्हय," एवढंच म्हणाले.

शनिवारी निशिगंधा तेजस्वी नावाच्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. तेजस्वीनं आधी फळीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या, मग एक हात सोडला, मग दुसरा. बैठक डुलली, सावरली. निशिगंधा मुलीकडं बघत होत्या; रशिदा जमिनीवर गुडघे टेकून खालच्या दोन्ही गोलाया बरोबरीनं फिरतायत का ते बघत होती.

"अशा अजून दोन लागतील," निशिगंधा म्हणाल्या.

"करू की," रशिदा उठत म्हणाली. "फर्मा तयार हाय."