आईच्या लेंगीत घुसलेली घरघर

मंडळी, आज सकाळपासून जीवाला चैन नाही.

संध्याकाळी बहीण महागावहून येते आहे, आईची लेंगी ऐकायला. लेंगी म्हणजे आमचं होळीचं गाणं. आई गेली, तिचा आवाज या एकाच कॅसेटमध्ये उरला आहे. सकाळी लावून पाहिली तर आईच्या आवाजावर नुसती घरघर. कॅसेट गेली असं वाटून मी घाबरलो.

बायको म्हणाली, "काल टेपच्या मागं काय करून राह्यले होते?"

"वायरी पसरल्या होत्या, बांधून ठेवल्या."

"मोकळं दिसलं की बांधलं गाठोडं. सोडा ते."

आम्ही तांड्याची, मुक्काम हलवत आलेली माणसं, बांधाबांध हाताला लागलेली. टेपमधून आवाज नेणारी वायर मी लाइटाच्या वायरीसोबत सुतळीनं आवळली होती. दोन्ही लांब केल्या, तशी घरघर उतरली. एका जागी त्या एकमेकींवरून जातातच. तिथं आवाजाची वायर लाइटाच्या वायरीवरून आडवी ओलांडून घेतली, सोबत चालू दिली नाही.

तरी मागे बारीक आवाज आहेच. बायको म्हणते, "मले तर सासूबाईच ऐकू येतात. तुमी ती घरघरच कायले ऐकता?"

बहीण निघाली आहे. उरलेला आवाज वायरीचा असेल की कॅसेटचा? कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा.